वडिलांच्या हरवलेल्या इलेक्ट्रिक गिटारची प्रतिकृती करायची आहे. हाती फक्त दोन छायाचित्रे आहेत

गोदाकाठ यांचा प्रश्न

माझे वडील येत्या फेब्रुवारीत वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत. त्या निमित्ताने त्यांच्या तरुणपणीच्या इलेक्ट्रिक गिटारची शक्य तितकी हुबेहूब प्रतिकृती करून त्यांना द्यावी, असे मी आणि माझ्या भावाने ठरवले आहे. मूळ गिटार वडिलांच्या मामांनी १९६८ च्या सुमारास जपानहून आणली होती. ते मालवाहू बोटीवर नोकरीला होते, आणि परदेशी वाद्य इथल्या दुकानात सहसा मिळत नसल्यामुळे बोटीवरचा नातेवाईक आणील तीच वस्तू आपली, असा तो काळ होता. वडिलांनी नाशिकमधल्या एका हौशी ऑर्केस्ट्रात ती काही वर्षे वाजवली, पुढे नोकरी लागल्यावर एका सहकलाकाराला वापरायला दिली, तो आखातात गेला आणि त्यानंतर गिटारचा ठावठिकाणा लागला नाही. वडिलांनी याबद्दल कधी तक्रारीचा सूर काढला नाही. मात्र दूरचित्रवाणीवर कोणी गिटार वाजवताना दिसले की “आपली याहून बारीक कमरेची होती” असे ते आजही म्हणतात.

आमच्याकडे दोन कृष्णधवल छायाचित्रे आहेत. एक गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाचे आहे, त्यात वडील मंचावर गिटार वाजवत आहेत. दुसरे जुन्या घराच्या ओसरीतले असून त्यात गिटार खिडकीशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली दिसते. तिच्यावर दोन पिकअप (तारांचे कंपन विजेच्या रूपात टिपणारे भाग), चार चपटे पांढरे स्विच, दोन गोल नॉब आणि ब्रिजपाशी, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तिथे, तारा हलवण्याचा दांडा आहे. हेडस्टॉकवर, म्हणजे दांडीच्या टोकावर, एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला दोन खुंट्या आहेत; तिथले नाव मात्र वाचता येत नाही. भावाचा फर्निचरचा छोटा कारखाना असल्यामुळे लाकूडकामाची यंत्रे हाताशी आहेत आणि डाग देण्याचे (सोल्डरिंगचे) काम मला जमते, पण वाद्य घडवण्याचा अनुभव आम्हा दोघांनाही नाही.

एवढ्या आधारावर मापे किती खात्रीने काढता येतील, लाकूड कोणते घ्यावे, आणि गिटार जुनी दिसावी म्हणून तिच्यावर मुद्दाम ओरखडे पाडावेत का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. वडिलांना यातले काहीही कळू द्यायचे नाही, हीदेखील एक अडचण आहे.

ओळंबा यांचा प्रतिसाद

मापांची चिंता तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही, कारण गिटारच्या अंगावरच मोजपट्टी असते. पडद्यांच्या, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांच्या, जागा कारागिराच्या मर्जीवर ठरत नाहीत. नटपासून (हेडस्टॉकपाशी तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, म्हणजे स्केल, एकदा ठरली की पडदे तिच्या ठरावीक अपूर्णांकांवरच बसतात. बारावा पडदा बरोबर निम्म्यावर, पाचवा पाव लांबीवर, सातवा जवळजवळ एक तृतीयांशावर आणि एकोणिसावा दोन तृतीयांशावर येतो, मग गिटार जपानची असो वा अमेरिकेची. ओसरीतल्या छायाचित्राचा मोठा स्कॅन घेऊन नट, हे पडदे आणि ब्रिज यांवर खुणा करा. चित्रात बारावा पडदा मध्यावर येत नसेल तर गिटारचे एक टोक कॅमेऱ्याच्या अधिक जवळ होते, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि ती तिरकी किती होती हेही त्याच फरकावरून काढता येते. छायाचित्राचा कल दुरुस्त करणाऱ्या एखाद्या संगणक प्रणालीत चित्र असे ओढून घ्या की सगळे पडदे आपापल्या अपूर्णांकावर बसतील. आडव्या दिशेचा तिरकसपणा दुरुस्त करायला शेजारच्या खिडकीची चौकट उपयोगी पडेल, कारण तिचे कोपरे काटकोनात असणार हे आपण गृहीत धरू शकतो. ब्रिजवरचा टेकू हिशेबापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मागे दिसला तर गोंधळून जाऊ नका. तार दाबताना ताणली जाऊन सूर चढतो, त्याची ती भरपाई असते.

एवढे झाले की बॉडीची रुंदी, कमरेचा बारीकपणा, पिकअपांची अंतरे, स्विचांची जागा हे सगळे स्केलच्या पटीत मिळेल. मग प्रश्न उरतो प्रत्यक्ष स्केल किती मिलिमीटर होते एवढाच, आणि तिथे पर्याय मोजकेच आहेत. त्या काळच्या इलेक्ट्रिक गिटारींत ६१०, ६२८ आणि ६४८ मिलिमीटरच्या आसपासची स्केल विशेष दिसतात. यांतल्या शेजारच्या दोन मापांत तीनच टक्क्यांचा फरक असल्यामुळे अंदाजावर निर्णय घेऊ नये. जुने घर अजून उभे असेल तर ती खिडकी आज जाऊन मोजा. मात्र गिटार भिंतीला टेकलेली असल्यामुळे ती खिडकीच्या किंचित पुढे होती, आणि म्हणून चित्रात खऱ्यापेक्षा थोडी मोठी दिसते, याची वजावट करावी लागेल. घर पाडले गेले असेल तर दुसरा आधार वडिलांच्या हाताचा आहे. मंचावरच्या छायाचित्रात डावा हात पडद्यांवर असेल, आणि तरुणपणानंतर बोटांच्या हाडांची लांबी बदलत नाही. वयाने सांधे सुजलेले असू शकतात, म्हणून सांध्याची जाडी न घेता एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंतचे अंतर घ्यावे. अंगठीच्या मापाचे निमित्त करून ते घेता येईल.

मंचावरचे छायाचित्र इतर मापांसाठी मात्र वापरू नका. जवळून घेतलेल्या चित्रात कॅमेऱ्याकडचा भाग फुगतो, आणि वाजवणाऱ्याच्या अंगावरची गिटार तिन्ही दिशांनी कललेली असते. दोन्ही छायाचित्रे छापताना उलटी तर झालेली नाहीत ना, हेही पाहून घ्या. पुरुषांच्या सदऱ्याची बटणपट्टी कोणत्या बाजूला आहे त्यावरून ते चटकन कळते.

जुनी_ध्वनिफीत यांचा प्रतिसाद

चार आणि दोन अशी खुंट्यांची विभागणी आणि चपटे स्विच या दोन खुणांवरून माझा पहिला तर्क टेइस्कोकडे जातो. ही टोकियोची कंपनी १९४६ साली सुरू झाली आणि १९६७ मध्ये कावाई या मोठ्या वाद्यकंपनीने ती विकत घेतली. त्यांच्या १९६० च्या दशकातल्या काही गिटारींवर अशी हेडस्टॉक आढळते. तरी हा तर्कच समजावा, कारण तेव्हा जपानमधल्या एकाच कारखान्यातून निघालेली गिटार निरनिराळ्या व्यापाऱ्यांच्या नावांनी विकली जात असे आणि सुटे भागही अनेक कारखाने एकमेकांसारखेच वापरत. हेडस्टॉकवरचे नाव वाचता आले असते तरी ती कोणत्या कारखान्यातली हे त्याने सिद्ध झाले नसते. म्हणून नावामागे न लागता पिकगार्डचा (बॉडीच्या दर्शनी बाजूवरच्या संरक्षक पत्र्याचा) आकार आणि पिकअपांची झाकणे जुळवून पाहा. झाकणावर जाळीखाली सोनेरी पत्रा दिसत असेल तर जगभरचे वादक ज्यांना ‘गोल्ड फॉइल’ म्हणतात ते हे पिकअप असतील. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी टेइस्कोचा असा पिकअप आपल्या फेंडर गिटारवर बसवल्यापासून त्यांची मागणी वाढली, आणि आज ते नव्यानेही तयार केले जातात.

लाकडाला हात लावण्याआधी काही आठवडे त्याच प्रतीच्या जुन्या गिटारचा शोध घ्यावा, असे मी सुचवीन. कॅनडाचे गायक-गिटारवादक रँडी बाकमन यांची १९५७ सालची नारिंगी ग्रेच गिटार १९७६ मध्ये टोरांटोच्या एका हॉटेलमधून चोरीला गेली होती. २०२० मध्ये त्यांच्या एका चाहत्याने जुनी चित्रफीत आणि आंतरजालावरची छायाचित्रे ताडून पाहून ती जपानमधल्या एका वादकाकडे असल्याचे शोधून काढले, आणि त्याची मुख्य खूण होती लाकडातला एक बारीक डाग. त्या जपानी वादकाने ती परत दिली खरी, पण तशीच त्याच काळातली दुसरी गिटार बदल्यात घेऊन. हा व्यवहार १ जुलै २०२२ रोजी टोकियोत झाला. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांचे १९७२ मध्ये चोरीला गेलेले हॉफ्नर बास गिटारही पन्नासेक वर्षांनी त्यांच्याकडे परतले. तुमच्या वडिलांचीच गिटार सापडेल अशी आशा मी दाखवत नाही. परंतु तिची सख्खी बहीण परदेशात कोणाकडे विक्रीला असू शकते, आणि ती विकत घेतली नाही तरी विक्रेत्याकडून मागच्या बाजूची, दांडीच्या जाडीची आणि वजनाची माहिती मिळू शकते. तुमच्या छायाचित्रांतून यातले काहीही मिळणार नाही.

शिसवी यांचा प्रतिसाद

वरच्या प्रतिसादातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ओळंबा यांच्या पद्धतीने दर्शनी बाजू अचूक मिळेल, पण गिटार ओळखतो तो वादकाचा डावा तळवा, आणि तळव्यात असते ती दांडीची पाठ. ती कोणत्याही छायाचित्रात नाही. ब्रिटिश गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ पासून वडिलांच्या मदतीने एका जुन्या फायरप्लेसच्या महोगनीतून दांडी कोरून आपली गिटार बनवली. पुढे १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातले कारागीर ग्रेग फ्रायर यांनी तिच्या प्रतिकृती केल्या, तेव्हा मूळ वाद्य समोर ठेवून त्याची बारकाईने मापे घेण्याची मुभा त्यांना मिळाली होती. ती सोय नसताना ‘हुबेहूब’ या शब्दाचा आग्रह दांडीच्या बाबतीत सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या काळच्या स्वस्त जपानी गिटारींच्या दांड्या बहुधा जाड असत, आणि पुष्कळ दांड्यांत आजच्यासारखा पिळून जुळवता येणारा ट्रस रॉड (दांडीचा बाक सुधारणारी सळई) नसून नुसती पोलादी पट्टी घातलेली असे. पंचाहत्तरीच्या हातांना तशी दांडी पुन्हा देण्यात मला तरी औचित्य दिसत नाही. नातवाला गिटार शिकायची आहे असे सांगून वडिलांना पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या दुकानात घेऊन जा, चार निरनिराळ्या गिटारी त्यांच्या हाती द्या आणि कोणत्या दांडीवर त्यांचा हात रेंगाळतो ते पाहा. त्या दांडीची जाडी पहिल्या आणि बाराव्या पडद्यापाशी कॅलिपरने मोजून घ्या.

पहिल्याच प्रयत्नात दांडी स्वतः करू नये. पडद्याची खाच अर्ध्या मिलिमीटरने चुकली तरी तो पडदा कायमचा बेसूर राहतो. हव्या त्या स्केलची तयार दांडी विकत घ्या, ट्रस रॉड असलेलीच घ्या, आणि फक्त हेडस्टॉक छायाचित्राप्रमाणे कापून घ्या. त्यासाठी ज्या दांडीचे हेडस्टॉक न कापलेल्या फळीच्या रूपात येते तीच मागवावी. बॉडी मात्र भावाच्या कारखान्यात सहज होईल. कारखान्यात साग पडलेला असेल आणि त्याचाच मोह होईल, म्हणून आधीच हिशेब सांगतो. साधारण बॉडीचे घनफळ चार लिटरच्या आसपास असते. सागाची घनता घनमीटरला सुमारे साडेसहाशे किलो धरली तर नुसती बॉडी अडीच किलोच्या वर जाते, आणि त्यावर दांडी, ब्रिज, खुंट्या यांचे वजन वेगळे. शिवणीचे लाकूड साडेचारशे ते पाचशेच्या दरम्यान असते; ते घेतल्यास वजन अर्ध्या किलोहून अधिक कमी होते, ते फारसे वाकत-फुगत नाही आणि त्यावर हत्यारही सुरेख चालते. सतारीसाठी मिरजेत वापरतात तो तूनही चांगला, कारण तो महोगनीच्याच कुळातला असून त्याचा मूळचा तांबूस रंग तुमच्या कामी येईल. कोणतेही लाकूड घ्या, पण ते पुरेसे वाळलेले असू द्या. ओलावा मोजायचे यंत्र लावून बारा टक्क्यांच्या आत आकडा आल्याशिवाय करवत चालवू नका.

रंगकाम पावसाळा संपल्यावरच करावे. जुन्या गिटारींसारखी पातळ चमक नायट्रोसेल्युलोज लॅकरने येते, आणि हवेत दमटपणा असेल तर हेच लॅकर वाळताना पांढुरके पडते. ज्याला आपले मोटारींचे रंगारी आजही ‘ड्युको’ म्हणतात तो मुळात ड्यू पाँट कंपनीचा नायट्रोसेल्युलोज रंग, आणि अमेरिकेत फेंडर कंपनीने आपल्या गिटारींवर तोच वापरला होता. त्यामुळे गॅरेजमधला जुना, हात बसलेला रंगारी या कामाला फर्निचरच्या पॉलिशवाल्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. ऑक्टोबरअखेर शेवटचा हात मारला तर डिसेंबरपर्यंत लॅकर पुरेसे कडक होईल.

मुद्दाम ओरखडे पाडण्याच्या मी विरोधात आहे. त्या गिटारवरचे ओरखडे तुमच्या वडिलांनी स्वतः पाडले होते. ते कुठे होते हे तुम्हाला माहीत नाही, त्यांना आहे. हेडस्टॉकवर जपानी कंपनीचे नावही घालू नका. दांडी जिथे बॉडीत बसते त्या खाचेत, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, तुमची नावे आणि साल लिहून ठेवा, म्हणजे पुढे कधी ती कोणाच्या हाती गेली तरी जुनी म्हणून विकली जाणार नाही.

गोदाकाठ यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुने घर आता दुसऱ्या कुटुंबाकडे आहे, पण ओसरीची खिडकी जागेवरच असल्यामुळे त्यांच्या परवानगीने ती मोजून आलो. गिटार पुढे असल्याची वजावट करून भावाने काढलेले स्केल ६२८ च्या बरेच जवळ येते, त्यामुळे तेच धरून दांडी मागवत आहोत. रंग आईला विचारला; कडेला जांभळाच्या सालीसारखा आणि मध्यभागी मधासारखा पिवळा होत जाणारा, असे तिने एका क्षणात सांगितले. ती सामील झाल्यामुळे दुकानात नेण्याची कामगिरीही तिने स्वतःकडे घेतली आहे. पिकअपवर जाळी असल्याचे मोठ्या स्कॅनमध्ये दिसते, म्हणून गोल्ड फॉइल प्रकारचेच घ्यायचे ठरवले आहे.

एक गोष्ट आधी लिहायची राहिली. वडिलांचा त्या काळचा, इथेच कोणीतरी बनवलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर अजून माळ्यावर आहे. तो चालू करून त्याच दिवशी गिटारबरोबर वाजवता येईल का? आणि ते चार स्विच मुळात काय करीत असतील?

अर्थिंग यांचा प्रतिसाद

अ‍ॅम्प्लिफायर खाली उतरवा, पुसा, शेजारी मांडून ठेवा, पण त्याची पिन बोर्डात घालू नका. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमार्फत गिटारच्या अर्थला जोडलेल्या असतात आणि तो अर्थ केबलमधून अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याच्या चौकटीला मिळतो. त्या काळी घरगुती पद्धतीने बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरना बरेचदा दोनच पिना असत आणि चौकट जमिनीशी जोडलेली नसे. त्यातला जुना कपॅसिटर गळका झाला असेल तर वीज थेट तारांवर येते, आणि वादकाने एका हाताने तारा धरून दुसऱ्याने मायक्रोफोनला स्पर्श केला की ती त्याच्या छातीतून जाते. व्हॉल्व्हच्या यंत्रात तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतो, त्यामुळे डाग देण्याचा सराव आहे म्हणून झाकण उघडून बघण्याचाही मोह टाळा. व्हॉल्व्हवर काम केलेल्या तंत्रज्ञाकडून कपॅसिटर बदलून आणि तीन पिनांची वायर बसवून घेतल्यावर तो सुखाने वापरता येईल. तोवर एखादा नवा छोटा अ‍ॅम्प्लिफायर घ्या, आणि ज्या खोलीत वाजवणार तिथल्या बोर्डाला खरोखर अर्थिंग आहे का, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवलेला आहे का, हे वीजतंत्रज्ञाकडून तपासून घ्या.

चार स्विचांपैकी दोन बहुधा एकेका पिकअपला चालू-बंद करणारे असावेत. उरलेल्या दोहोंचे काम गिटारगणिक वेगळे असते. कुठे आवाज जाडसर होतो, कुठे पातळ. वडिलांनी आठवून सांगितल्याशिवाय ते कळणार नाही, म्हणून ते दोन स्विच बसवा, त्यांना वायरी जोडून मागच्या पोकळीत मोकळ्या सोडा आणि जोडणी नंतर त्यांच्याकडून विचारून पुरी करा. तसे चपटे रॉकर स्विच मुंबईत लॅमिंग्टन रोडवर धुंडाळल्यास मिळतील, पण खाच कापण्याआधी स्विच हातात असू द्या, कारण दिसायला सारख्या स्विचांची मापे सारखी नसतात. नॉबखालचे पोटेन्शिओमीटर २५० किलोओहमचे घेतल्यास आवाजाची धार थोडी कमी होते, ५०० चे घेतल्यास राहते. या पिकअपांबरोबर मी ५०० घेईन. पोकळीला आतून तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडा, नाहीतर घरातल्या एलईडी दिव्यांची भुणभुण आवाजात मिसळेल.

तारांबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून शेवटी तेवढे सांगतो. १९६० च्या दशकात जाड तारांचे संच सर्रास वापरत आणि त्यांतली तिसरी तारही गुंडाळलेली असे. वडिलांना तशीच आठवण असेल. आज त्यांच्या बोटांसाठी ०.००९ इंचापासून सुरू होणारा हलका संच योग्य ठरेल, पण त्यात तिसरी तार साधी असते. जुन्या नमुन्याच्या, ठोकळ्यासारख्या ब्रिजवर तिसऱ्या तारेचा टेकू गुंडाळलेल्या तारेच्या हिशेबाने कापलेला असतो, आणि त्यावर साधी तार लावली तर ती वरच्या पडद्यांवर चढी बोलते. म्हणून दिसायला जुना, पण प्रत्येक तारेचा टेकू स्वतंत्रपणे पुढे-मागे सरकवता येईल असा ब्रिज निवडा. बाराव्या पडद्यापाशी तारांची उंची पावणेदोन मिलिमीटरच्या जवळपास ठेवा. नव्या तारा ताणून बसायला दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा त्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री न लावता आठवडाभर आधी लावा आणि रोज एकदा सुरात आणून ठेवा.